छापील प्रार्थनेची बाजू

प्रार्थना मनातून उमटावी, पुस्तकातून वाचू नये, हे मत आज इतके रुळले आहे की त्याचा पुरावा मागावा असे कोणाला वाटत नाही. अँग्लिकन चर्चमधली रविवारची उपासना पाहून आलेला माणूस हमखास विचारतो : पाळक छापील वाक्ये वाचतो, मंडळी छापील उत्तरे देते, उठायचे कधी आणि गुडघे कधी टेकायचे तेही छापलेले, यात श्रद्धा कुठे आली? आपल्याकडचे सुधारक याला पोपटपंची म्हणतात. ख्रिस्ती लोकांतले मुक्त प्रार्थनेचे कैवारी तर म्हणतात की इथे पवित्र आत्म्याला बोलायला जागाच ठेवलेली नाही.

हा पूर्वपक्ष जुना आहे, आणि तो मांडणारी माणसे लहान नव्हती. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरचे ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ इंग्लंडात १५४९ साली लागू झाले. १५७२मध्ये चर्चची आणखी सुधारणा मागणाऱ्या प्युरिटनांनी पार्लमेंटला उद्देशून काढलेल्या पत्रकात त्याच्यावर कडाडून टीका केली. १६४९ साली कवी मिल्टनने ‘आयकोनोक्लास्टिस’मध्ये विचारले की जे मुळात कोंडता येत नाही ते ठरावीक शब्दांत कोंडायचा अट्टहास कशासाठी? आणि जॉन बन्यनने याविषयीचा आपला ग्रंथ लिहिला तो बेडफर्डच्या तुरुंगात बसून. चर्चचा परवाना नसताना उपदेश केला म्हणून तो गजाआड होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय हा त्याचा आधार : प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, आत्माच आपल्या वतीने कण्हतो. मग त्या कण्हण्याचा मसुदा बिशपांनी आधीच कसा तयार केला?

यातला एक भाग बिनशर्त मान्य करायला हवा. १६६२च्या एकरूपतेच्या कायद्याने हे पुस्तक सक्तीचे केले आणि १६६० ते १६६२ या काळात सुमारे २,००० पाळकांना आपली जागा सोडावी लागली. हा जुलूमच होता. पण त्या जुलमाचे खापर छापील शब्दांवर फोडता येत नाही, कारण सत्ता हाती असताना प्युरिटनांनीही तेच केले होते. १६४५ साली पार्लमेंटने हेच पुस्तक बेकायदा ठरवले. १६५७च्या नाताळात लंडनमधल्या एक्झेटर चॅपेलमध्ये लोक प्रभुभोजन घेत असताना सैनिकांनी बंदुका रोखल्या. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या जॉन एव्हलिनने हे रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. मनाच्या मोकळेपणाचा कैवार घेणाऱ्यांनीच हा पहारा बसवला होता.

आता शास्त्राधाराकडे वळू. देवापुढे व्यर्थ बडबड करू नका, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले येशूचे बोल छापील प्रार्थनेविरुद्ध नेहमी पुढे केले जातात. ते पुढे करणारे सातव्या ओवीवर थांबतात. नवव्या ओवीत येशू शिष्यांना शब्द नेमून दिलेली प्रार्थनाच शिकवतो. ती नमुन्यादाखल होती, पाठ करायला नव्हे, असे कोणी म्हणेल. मग क्रूसाकडे पाहावे. मत्तय आणि मार्क सांगतात की शेवटच्या घटकेला येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ होता; लूक सांगतो, एकतिसाव्यातली ओळ होती. यहुदी घरात लहानपणी पाठ झालेले ते शब्द. यातनेच्या परमावधीला माणसाने स्वतःचे शब्द जुळवावेत, नाहीतर त्याची प्रार्थना खोटी, असे म्हणणाऱ्याने या प्रसंगाचा अर्थ लावून दाखवावा. हरिपाठाचे तेच अभंग रोज म्हणणाऱ्या वारकऱ्याला आपण पोपट म्हणत नाही. तीच सवलत अँग्लिकन माणसाला द्यायला काय हरकत आहे?

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. मुक्त प्रार्थना मुक्त कोणासाठी असते? बोलणाऱ्यासाठी. बाकीचे शंभर जण त्याच्या शब्दांचे, त्याच्या मनःस्थितीचे, त्याच्या रागालोभाचे बंदी असतात. पाळकाचे कारभाऱ्याशी बिनसलेले असले की प्रार्थनेतून देवाला उद्देशून कारभाऱ्याला सुनावले जाते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. छापील पुस्तक आधी पाळकाला बांधते. जमीनदाराच्या शवपेटीवर जे शब्द, तेच शेतमजुराच्या. पॅरिशच्या, म्हणजे पाळकाच्या कार्यक्षेत्राच्या, हद्दीत राहणारा माणूस रविवारी येवो न येवो, त्याच्या दफनाला पाळकाने स्तुती आखडती घ्यायची किंवा सैल सोडायची सोय नाही. बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि आत्महत्या केलेले यांना मात्र १६६२च्या पुस्तकाने या विधीतून वगळले, आणि तो त्याच्यावरचा डाग आहे.

बायबलच्या वाचनालाही हेच लागू पडते. जुन्या पद्धतीत एखादे पुस्तक वाचायला घ्यायचे आणि तीन-चार अध्यायांनंतर सोडून द्यायचे, अशी तक्रार क्रॅन्मरने प्रस्तावनेतच केली आहे. त्याने वेळापत्रक आखले : दीडशे स्तोत्रे दर महिन्याला सकाळ-संध्याकाळ वाटून, जुना करार बहुतांशी वर्षातून एकदा, नवा करार प्रकटीकरण सोडून तीनदा. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याच्याही कानावर सगळे पडावे, हा हेतू. यात नावडता भाग टाळता येत नाही. सतराव्या तारखेची सकाळ आली की अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र येते, अंधारात सुरू होऊन अंधारातच संपणारे. त्याच्या शेवटाला दिलाशाची एक ओळही नाही. अठ्ठाविसाव्या संध्याकाळी एकशे सदतिसावे येते, ज्याचा सुडाचा शेवट कुठल्याही पाळकाने आपणहून निवडला नसता. क्रमवार वाचन या पुस्तकाच्या जागी आणलेल्या १६४५च्या प्युरिटन मार्गदर्शिकेनेही सांगितले होते, हे खरे. म्हणजे पाळकाच्या आवडीनिवडीवर सगळे सोपवून चालत नाही, हे त्यांनाही पटले होते. वाचनाला लावलेला न्याय प्रार्थनेला का नको, याचे उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही.

आणि लोकांचे काय? हे पुस्तक वरून लादले, मंडळीने मुकाट्याने गिळले, असा समज आहे. मुकाट्याने तर नाहीच : १५४९ साली डेव्हन आणि कॉर्नवॉलचे लोक याच पुस्तकाविरुद्ध उठले होते, त्यांना आपली लॅटिन उपासना परत हवी होती. हजारो माणसे त्यात मारली गेली. पण पुढच्या पिढ्यांत चित्र पालटले. ज्युडिथ मॉल्टबी यांनी १९९८च्या ग्रंथात कागदपत्रांनिशी दाखवले आहे की सामान्य पॅरिशवासी प्रार्थना गाळणाऱ्या पाळकांविरुद्ध चर्चच्या न्यायालयात तक्रारी नेत होते, आणि १६४१-४२मध्ये हे पुस्तक राखा म्हणून गावोगावचे लोक पार्लमेंटकडे अर्ज करत होते. बेमर्टनचा पाळक-कवी जॉर्ज हर्बर्ट याच्या चरित्रात आयझॅक वॉल्टन लिहितो की त्याच्या प्रार्थनेची घंटा वाजली की काही शेतकरी नांगर थांबवत. वॉल्टन चरित्रनायकाला सजवून दाखवतो, तेव्हा यातले थोडे वजा करावे. पण न्यायालयातल्या तक्रारी कोणी सजवत नाही.

मराठी माणसाला हा वाद परका नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा पुस्तकी उपासनेच्या अँग्लिकन मंडळ्या आणि मुक्त प्रार्थनेच्या काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट मंडळ्या एका छत्राखाली आल्या. तेव्हापासून एकाच बाकावर दोन्ही सवयी शेजारी बसतात.

माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदारही इथलाच आहे : पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला. दोनच वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट बजावले की भारतातल्या पुरोहितांचे जोखड झुगारले ते दुसरे तसलेच मानेवर घेण्यासाठी नव्हे. पुढे १९०५मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली एकाच वेळी आपापल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. याहून जिवंत मुक्त प्रार्थना दाखवता येणार नाही, आणि तिला खोटी म्हणण्याचे माझे धाडस नाही. पण रमाबाईंचे भांडण कोणाशी होते ते नीट पाहावे. माणसाच्या अधिकाराशी होते; आणि पाळकाचा तो अधिकार पॅरिशच्या पातळीवर छापील पुस्तकाइतका कशानेच आवळला जात नाही. शिवाय केडगावात मोकळी प्रार्थना दुमदुमत असताना रमाबाई स्वतः काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करत होत्या, शब्द न् शब्द पारखून, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत.