मनोऱ्याचं भुयार झालं कसं?

तुमसर तालुक्यातला अंबागड पाहायचा तर डोंगर चढावा लागतो. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या अमलात, १७००च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. इथल्या विहिरीचं साचलेलं, कुजकं पाणी पाजून कैद्यांना संपवत, अशी आख्यायिका आहे. म्हणजे अंबागडचा कैदी मरायला खाली नाही, वर जात असे.

हा गड उतरून आल्यावर रात्री संगणकावर 'विझर्ड्री' लावून बसावं. १९८१ साली ॲपल टूवर आलेला अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वूडहेड यांचा हा खेळ आज पुन्हा खेळताना गोष्ट शोधूनही सापडत नाही. ट्रेबोर नावाच्या वेड्या राजाचा ताईत वेर्डना नावाच्या जादूगाराने पळवला आहे, तो परत आणा. संपलं कथानक. (ट्रेबोर उलटा वाचला की रॉबर्ट, वेर्डना उलटा वाचला की अँड्र्यू. दोघा मित्रांनी एकमेकांची काढलेली खोडीच म्हणायची.) वर राजाचा किल्ला: तिथे गुत्ता, दुकान, देऊळ. खाली दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांच्या भिंती, आणि आपली सहा जणांची टोळी.

खरी गोष्ट घडते ती मांडीवरच्या आलेखाच्या कागदावर. एक पाऊल पुढे, एक चौकोन पेन्सिलीने काळा. काही घरं अशी, की पाय पडताच टोळी गर्रकन फिरते आणि तोंड कुठे झालं ते कळत नाही. दहा मिनिटांनी लक्षात येतं, की अर्धा नकाशा आडवा काढला गेलाय. मेलेल्याला देवळात न्यावं तर तो जिवंत होईलच असं नाही, कधी राख होतो. राखेवरही उपचार फसला, तर तो कायमचा गेला. मग लेखकाने न लिहिलेलं दुःख खेळणारा स्वतःच लिहितो. नंतरच्या कित्येक खेळांनी पानोपान संवाद दिले, पण ही धास्ती त्यांना दुर्मीळच.

पण इथे विषय वेगळा आहे. त्या दहा मजल्यांना इंग्रजीत 'डंजन' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या जन्मपत्रिकेत तो मुळात खाली नव्हताच. जुन्या फ्रेंचमधला 'दोंजों' म्हणजे किल्ल्यातला सर्वांत उंच, सर्वांत बळकट मनोरा. आपल्याकडे जागेच्या मानाने त्याचा सख्खा भाऊ शोधायचा तर 'बालेकिल्ला'. फारसी 'बाला' म्हणजे वरचा. अंधारकोठडीचं कूळ बालेकिल्ल्यात निघावं, याहून मजेदार काय?

व्युत्पत्तीबद्दल दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, लॅटिन 'दोमिनुस', म्हणजे धनी, मालक. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमधलं 'दोम्नियो', त्यावरून 'दोंजों'. धन्याचा मनोरा. दुसरा पक्ष म्हणतो, छे, शब्द जर्मानिक आहे. जुन्या जर्मनमध्ये 'तुंग' म्हणजे जमिनीत खणलेली, वर शेणखत थापलेली खोली. इंग्रजीतला 'डंग' म्हणजे शेण तो याच घराण्यातला. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ९८च्या सुमारास लिहितो, की जर्मन लोक जमिनीत खड्डे खणतात, वर शेणखताचा ढीग रचतात, हिवाळ्यात तिथे आसरा घेतात आणि धान्यही ठेवतात. हे वाचून मराठी वाचकाला परकं काहीच वाटणार नाही. आपलं धान्याचं पेव दुसरं काय होतं?

दुसरा पक्ष मोहक आहे, कारण तो शब्दाला आधीच जमिनीखाली नेऊन ठेवतो. पण तेच त्याचं दुखणं. जुन्या फ्रेंचमधला 'दोंजों' उंचावर, टेकाडावर उभा आहे. शेणाखालच्या खड्ड्याने तिथवर उडी कशी मारली? उलट धन्याच्या बाजूने उच्चाराचा भक्कम साक्षीदार आहे. लॅटिन 'सोम्नियुम' म्हणजे स्वप्न, त्याचं फ्रेंचमध्ये 'सोंझ' झालं. ज्या घासणीतून 'म्नि'चा 'ंझ' झाला, त्याच घासणीतून 'दोम्नियो'चा 'दोंजों' झाला. निकाल धन्याच्या बाजूने.

मग मनोरा खाली घसरला कसा? उत्तर त्याच्या बांधणीत आहे. अशा मनोऱ्यांचं दार बहुधा पहिल्या मजल्यावर असे, जिन्याने किंवा शिडीने चढायचं. तळमजल्याला दार नाही, खिडकी असलीच तर फटीएवढी; वरूनच आत उतरायचं. कोठार म्हणून उत्तम, आणि धान्य हलवलं की तुरुंग म्हणून त्याहून उत्तम. सर्वांत उंच इमारतीच्या पोटातच सर्वांत काळोखी खोली! चौदाव्या शतकात इंग्रजीत 'डंजन'चा अर्थ कोठडीकडे सरकलेला दिसतो. आणि इथे एक अंदाज ठोकून द्यायला हरकत नाही: इंग्रजी कानाला त्यात 'डंग' ऐकू येत असणार, आणि हरलेल्या पक्षाने मागच्या दाराने येऊन शब्दाला खाली ओढला असणार.

फ्रेंचांनी मात्र शब्द वरच ठेवला. पॅरिसजवळचा व्हॅंसेनचा दोंजों सुमारे पन्नास मीटर उंच आहे, आणि १७४९ साली लेखक दिदरो त्यातच कैदेत होता. कैद होती, पण मनोऱ्यात, अंबागडासारखी. रायगडाशेजारचा लिंगाणा तर कैदखाना म्हणून आणखी अवघड जागी. मराठी मुलखाने कैदी उंचावर ठेवले आणि खालच्या जागेला निराळा, सरळ शब्द दिला: भुयार. तो 'भूमिगृह'पासून आला असं मानतात. जमिनीतलं घर, ते जमिनीतच राहिलं. अंबागडच्याच तालुक्यात चिखल्याला मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. तिथे उतरणाऱ्याला दिशा कोणती हे शब्दकोशात पाहावं लागत नाही.

इंग्रजी 'डंजन'चे पुढचे टप्पे ठाऊक असलेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ह आर्नेसनने आपल्या 'ब्लॅकमूर' खेळात किल्ल्याच्या प्रतिकृतीखाली तळघरांचं जाळं काढलं. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर त्याचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आलं. पुढच्या वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकांवर विद्यार्थ्यांनी चोरून असले खेळ घातले. मग भुयारांचं जे पेव फुटलं, त्यात 'विझर्ड्री' आला. तोवर मनोरा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, तरी ग्रीनबर्ग-वूडहेडनी नकळत तो पुन्हा बांधला: वर धनी, खाली काळोख, मध्ये जिना.

आणि मग शब्द माहेरी आला. अमेरिकन खेळाचं फ्रेंच नाव ठेवलं गेलं 'दोंजों ए द्रागों'. शब्दशः घेतलं तर मनोरे आणि राक्षसी सरडे. फ्रान्समधली खेळणारी मुलं आज 'दोंजों' म्हटलं की जमिनीखालच्या बोळांचाच विचार करतात, आणि सुट्टीत आईवडील त्यांना व्हॅंसेनला नेतात तेव्हा त्याच शब्दाची पाटी वाचून जिने चढू लागतात.