गेम कंट्रोलर, लिनक्स प्रणालीवरील

संगणकीय खेळांसाठी हातात धरावयाचे कळा व दांड्यांचे साधन लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीच्या संगणकाला जोडून त्याच्या प्रत्येक कळीचा योग्य अर्थ खेळापर्यंत पोहोचविण्याची प्रक्रिया. ती तीन पातळ्यांवर पूर्ण होते : ड्रायव्हर म्हणजे साधनाची भाषा जाणणारी आज्ञावली, साधन वाचण्याची परवानगी आणि मॅपिंग म्हणजे कळांची जुळणी. दोष शोधतानाही हाच क्रम पाळणे हितावह ठरते.

ड्रायव्हर : लिनक्समध्ये बहुतेक कंट्रोलरांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, समाविष्ट असल्याने ते वेगळे उतरवून घ्यावे लागत नाहीत. एक्सबॉक्स वर्गातील कंट्रोलर तारेने जोडल्यास ‘एक्सपॅड’ हा ड्रायव्हर ते हाताळतो. प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्ससाठी सोनीने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर 2021 मध्ये कर्नलच्या 5.12 आवृत्तीत, तर निन्टेन्डो स्विचसाठीचा 2022 मध्ये 5.16 आवृत्तीत दाखल झाला. त्यामुळे नवा कंट्रोलर जुन्या कर्नलवर अपुरा चालू शकतो. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणाली ज्या डेबियनवर आधारलेली आहे, तिच्या स्थिर शाखेत कर्नल मुद्दाम दीर्घकाळ एकाच आवृत्तीवर ठेवला जात असल्याने अशा प्रणालींवर आवृत्ती प्रथम पाहावी.

जळगाव, धुळे यांसारख्या शहरांत परवडणारे, नाममुद्रा नसलेले यूएसबी कंट्रोलर वापरताना त्यांवर ‘एक्स’ व ‘डी’ अशी अदलाबदलीची सोय आहे का, हे पाहावे. ‘एक्स’ स्थितीत ते एक्सबॉक्सचे रूप घेतात व जुळणीचा बराच त्रास वाचतो. ब्लूटूथने जोडलेल्या जुन्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरांचा संपर्क वारंवार तुटत असे. त्यावर ब्लूटूथमधील ईआरटीएम ही पुनःप्रेषणाची सोय बंद करणे हा उपाय रूढ झाला.

परवानगी : कर्नल प्रत्येक साधनासाठी ‘इव्हेंट’ नावाची फाइल निर्माण करतो आणि ती कोणी वाचावी हे ‘यूडेव्ह’ या साधन-व्यवस्थापकाचे नियम ठरवितात. ‘ईव्हीटेस्ट’ या चाचणीत प्रशासकाला कळांचे संकेत दिसत असून सामान्य वापरकर्त्याला दिसत नसतील, तर दोष ड्रायव्हरचा नसून नियमांचा असतो.

जुळणी : संकेत मिळूनही खेळात भलतीच कळ उमटत असल्यास मॅपिंग तपासावे. अनेक खेळ एसडीएल या ग्रंथालयाचा, म्हणजे तयार आज्ञावलींच्या संचाचा, आधार घेतात. ते साधनाच्या उत्पादक व उत्पादन क्रमांकांवरून तयार झालेल्या ओळखीनुसार योग्य जुळणी निवडते. एसडीएलच्या जुळण्यांच्या यादीत नसलेल्या कंट्रोलरची जुळणी वापरकर्ता स्वतः तयार करून खुल्या सामायिक संग्रहाला देऊ शकतो, आणि ती स्वीकारली गेल्यावर त्याच नमुन्याचा स्वस्त कंट्रोलर घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडते. उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेली साधनेही या परस्परसाहाय्यामुळे वापरात राहतात, हे मुक्त प्रणालीचे मोठे सामर्थ्य होय.