जुना मेटल डिटेक्टर आणि आपली काळी माती



तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबाग काढली की अँगल निघतात, मोठ्या तारा गुंडाळून भंगारात जातात. पण तुकडे? बांधणीच्या तारेचे बोटभर तुकडे, खिळे, गंजलेले बोल्ट, हे सगळं मातीतच राहतं. पुढच्या हंगामात तिथं मका किंवा कडवळ येतं, ते कडबाकुट्टीत जातं आणि तार गाईच्या पोटात. उसाच्या पाचट कुट्टीच्या मशीनची पाती याच लोखंडानं मोडतात.

म्हणून आज विषय घेतलाय जुन्या मेटल डिटेक्टरचा. आपल्याकडं काही जणांनी हौसेनं घेतलेली बटणं फिरवायची जुनी मशीनं माळ्यावर पडून आहेत. "आपल्या रानात नुसतं ओरडतंय, खराब आहे" म्हणून ठेवून दिलेली. त्यातली बरीच मशीनं खराब नाहीत. ती आपल्या मातीला जुळवलेली नाहीत, एवढंच. हे समजायला थोडा इतिहास बघू.

पहिली गोष्ट १८८१ ची. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर २ जुलैला गोळी झाडली गेली. गोळी अंगात कुठं अडकली ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडून धातू शोधायचं यंत्र केलं. बाहेर चाचणीत ते चाललं, पण अध्यक्षांच्या पलंगाजवळ नेल्यावर जिकडंतिकडं आवाज. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यात डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, आणि गोळी निघाली डावीकडं. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. यंत्राचं काम बरोबर होतं, पण आजूबाजूच्या लोखंडाचा आवाज बाजूला काढायची सोय त्यात नव्हती. त्यानंतरची मशीनं याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. आपल्या रानात स्प्रिंगांची जागा मातीनं घेतलीय, इतकाच फरक.

दुसरी गोष्ट १९३० च्या दशकातली. गेरहार्ड फिशर हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले इंजिनियर विमानांना रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रावर काम करत होते. काही ठिकाणांवरून जाताना दिशा चुकते आणि तिथल्या जमिनीत खनिज असतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी उलटा विचार केला. खनिजामुळं यंत्र चुकत असेल तर त्याच यंत्रानं खनिज शोधता येईल. १९३७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. म्हणजे जमिनीतलं खनिज मशीनला हलवतं हे मशीन जन्माला आल्यापासून माहीत आहे.

मग आलं दुसरं महायुद्ध आणि सुरुंग. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी अ‍ॅबिसिनियाच्या आघाडीवर ४ दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हातात धरून चालायचा चांगला डिटेक्टर तेव्हा आलेला नव्हता. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये असलेल्या युझेफ कोसात्स्की या पोलिश लेफ्टनंटनं तो तयार केला. वजन १४ किलोच्या आसपास. १९४२ च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या लढाईत असे ५०० डिटेक्टर वापरले गेले. आपल्या सातारा जिल्ह्यातनं घरटी माणूस फौजेत गेलेली गावं आहेत, त्यामुळं सुरुंग म्हणजे काय हे इथं वेगळं सांगायला नको.

युद्ध संपल्यावर ही मशीनं नाणी-दागिने शोधणाऱ्या हौशी लोकांकडं गेली. त्यांना नाणं पाहिजे, खिळा नको. म्हणून १९७० च्या दशकापासून कंपन्यांनी दोन गोष्टींवर जोर दिला. एक, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करणं. दुसरी, डिस्क्रिमिनेशन, म्हणजे लोखंड लागलं तरी गप्प बसणं. पुढं हे सगळं आपोआप व्हायला लागलं.

आपला मुद्दा इथंच आहे. मशीनची सगळी सुधारणा लोखंड टाळण्याच्या दिशेनं झाली आणि शेतकऱ्याला तर लोखंडच शोधायचं आहे. नवं स्वयंचलित मशीन चालू केलं की ते बहुतेक वेळा नाण्यासाठीच्या सेटिंगवर उघडतं आणि बांधणीची तार मुकाट्यानं सोडून देतं. जुन्या मशीनवरचा 'ऑल मेटल' हा साधा मोड प्रत्येक धातूला आवाज देतो, आणि खोलीही सहसा जास्त मिळते. कडबाकुट्टीआधी रान साफ करायचं असेल तर हाच मोड कामाचा.

आता आपली माती. सातारा-सांगलीचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्यात लोहाची ऑक्साईडं १० ते १५ टक्क्यांच्या घरात असतात आणि त्यातली काही चुंबकाला चिकटणारी. खात्री करायची असेल तर ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवा, काळी भुकटी मिशीसारखी चिकटून येते. कॉइलखाली हीच भुकटी असते आणि मशीन तिलाच धातू समजून ओरडतं. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जांभ्यावर हा त्रास असतोच. खटाव-माण-जतच्या माळरानाच्या मुरमात दर पन्नास पावलांवर आवाज बदलला तर नवल मानू नका.

कृषी सहाय्यकांना आणि अभ्यासकांना एक सांगतो. डिटेक्टरचा आवाज म्हणजे माती परीक्षण नव्हे. मशीनला भरपूर लोह ऐकू येतं त्याच चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो. खनिजात अडकलेलं लोह वेगळं आणि मुळाला मिळणारं लोह वेगळं.

दुसरा त्रास पाणथळ खारवट जमिनीचा. वाळवा-मिरज पट्ट्यात जादा पाण्यानं ज्या जमिनी चोपण-क्षारपड झाल्या, तिथं ओली माती स्वतःच वीज वाहून नेते. चुंबकी खनिज आणि खारं पाणी यांचा सिग्नल वेगवेगळ्या जातीचा असतो. एकच फ्रिक्वेन्सी असलेल्या जुन्या मशीनला दोन्ही एकदम वजा करता येत नाहीत. म्हणून अशा रानात पाण्यानंतर लगेच उतरू नका. वापसा येऊ द्या, अजून वाळलं तर आणखी बरं.

आता मशीन जुळवायचं कसं ते क्रमानं सांगतो.

१. आधी सेल. जुन्या मशीनच्या सेलच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर साचतो, तो घासून काढा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल वायर हलली तरी खोटा आवाज येतो.

२. बुटात लोखंडी टाचा नकोत, खिशात किल्ल्या नकोत, मोबाईल बंद. ११ केव्हीच्या लाईनखाली आणि मोटारीच्या पेटीजवळ मशीन किरकिरतं. लाईट नसलेल्या वेळेत तेच मशीन शांत चालतं. लोडशेडिंगचा एवढा तरी फायदा घ्या.

३. डिस्क्रिमिनेशन शून्यावर, किंवा 'ऑल मेटल'.

४. हेडफोन लावा आणि थ्रेशोल्ड इतका ठेवा की डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज सतत येत राहील. बारीक तारेचा सिग्नल याच गुणगुणीतल्या चढ-उतारात सापडतो. पूर्ण शांततेत तो निसटतो.

५. ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली हातभर जागा शोधा. कॉइल गुडघ्याएवढी वर धरा, मग मातीपासून चार बोटांवर आणा. खाली येताना गुणगुण वाढली तर बटण एका दिशेला थोडं फिरवा, कमी झाली तर उलट दिशेला. कुठली दिशा ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. कॉइल वर-खाली केली तरी आवाज एकसारखा राहिला म्हणजे माती वजा झाली. रानात मातीचा रंग बदलला, मुरूम लागला, की हे परत करायचं. जुन्या मशीनचा हा व्याप वाटतो, पण बॅलन्स आपल्या हातात राहतो.

६. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवू नका. आपल्या मातीत ती कमी केली की मशीन उलट जास्त नीट ऐकतं. पूर्ण चढवून हळूहळू उतरवा आणि किरकिर थांबेल तिथं सोडा.

७. बदलायची सोय असेल तर मोठ्या कॉइलपेक्षा लहान कॉइल घ्या. लहान कॉइलखाली माती कमी येते, म्हणून मातीचा आवाजही कमी.

८. शेवटी परीक्षा. बोटभर तार, दोन इंची खिळा आणि एक बोल्ट वेगवेगळ्या खोलीवर पुरा, खुणा करा आणि वरून मशीन फिरवा. बोल्ट किती खोल लागतो आणि तार कुठं सुटते ते वहीत लिहा. तुमच्या रानात तुमच्या मशीनची ताकद तेवढीच.

काम करताना दोरी लावून पट्टे पाडा, कॉइल जमिनीला समांतर ठेवा आणि प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढवा. सगळं रान एका दिवसात होत नाही. बागेच्या ओळी होत्या त्या जागा, बांध, गेटजवळची जागा आणि जुन्या गोठ्याची जागा आधी घ्या.

शेतात हे लोखंड आलं कधी? पूर्वी लाकडी नांगराला लोखंडी तेवढा फाळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, आज पलूस तालुक्यात असलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. लोखंडानं जमीन नासेल अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना वाटायची असं सांगतात. लोखंडी नांगरानं जमीन नासली नाही. पण त्यामागून इंजिनं, पंप, ट्रॉल्या, द्राक्षाचे मांडव आले, आणि मोडलेलं-तुटलेलं तिथंच राहिलं. फाळ हरवला तर आजोबा दिवसभर शोधायचे, कारण लोखंड महाग होतं. तार स्वस्त झाली तशी आपण ती टाकून द्यायला लागलो.

गाईची गोष्ट थोडक्यात. गाय वैरण निवडून चावत नाही, गिळते. तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते तिथं जाऊन बसते. हा कप्पा हृदयाच्या अगदी मागं. तार टोचली तर आधी खाणं आणि दूध तुटतं, गाय पाठ वाकवून उभी राहते, पुढं हृदयाच्या आवरणात पू होतो. जनावरांचे डॉक्टर पोटावर डिटेक्टर फिरवून धातू आहे का बघतात, चुंबकही पाजतात. पण पोटात लोखंड असलेल्या सगळ्याच गाई आजारी नसतात. मशीन 'आहे' एवढंच सांगतं, 'टोचलंय' हे सांगत नाही. त्यामुळं आपलं रानातलं मशीन गाईला लावून घरच्या घरी निदान करू नका.

आता ज्या कारणानं गावात या मशीनला पहिली गिऱ्हाइकं मिळतात ते, गुप्तधन. "वीस फुटांवरचं सोनं दाखवतो" म्हणणाऱ्यांना एक हिशोब विचारा. बारीक वस्तू कॉइलपासून लांब गेली की दुप्पट अंतराला सिग्नल सुमारे ६४ पट कमी होतो. आपल्या मातीत नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर लागली तरी मशीन चांगलं म्हणायचं. या नादात शेतं विकली जातात, आणि नरबळीपर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत.

आणि खरंच काही सापडलं तर? १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं याचा एवढा मोठा पुरावा हातात आला, कारण साठा एकत्र राहिला. १९७४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला जमीन खणताना शेतकऱ्याला कांस्याचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, एकूण वजन ६० किलोहून जास्त. दोन्ही वेळी माल भट्टीत गेला असता तर मोडीचे पैसे मिळाले असते आणि इतिहास गेला असता.

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर काय सापडलं, कुठं, कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि मालक कोणी निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जागामालकाचे. सरकारनं ते ठेवून घेतलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र विनापरवाना खोदायचं नाहीच.

म्हणून सांगणं एवढंच. माळ्यावरचं मशीन काढा, सेल बदला, आपल्या मातीला जुळवा आणि बाग काढलेल्या रानात फिरवा. निघालेलं लोखंड बादलीत टाका, बांधावर नको, नाहीतर पावसानं परत आत जाईल. आणि पुढची बाग काढताना तार तोडणाऱ्या गड्याच्या कमरेला एक पिशवी बांधा. तेवढ्यानं मशीनचं निम्मं काम वाचेल.

तुमच्याकडं मुरमात, जांभ्यावर, चोपणात मशीन कसं चालतं तेही लिहा, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल.