एकत्रीकरण फलने आणि ओळींचा क्रम

रिलेशनल डेटाबेसमधील अनेक ओळींवरून एकच मूल्य काढणाऱ्या फलनास एकत्रीकरण फलन म्हणतात. काउंट, सम, मिन आणि मॅक्स ही त्याची परिचित उदाहरणे होत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सारणी हा ओळींचा संच असतो आणि संचाला क्रम नसतो. त्यामुळे ओळी कोणत्याही क्रमाने आल्या तरी उत्तर तेच यावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती सर्व फलनांबाबत खरी ठरत नाही.

क्रमावलंबी फलने

पोस्टग्रेस्क्यूएलमधील स्ट्रिंग_ॲग हे फलन अक्षरमालिका जोडते, तर ॲरे_ॲग मूल्यांची यादी बनवते. क, म आणि ल या तीन ओळी जोडल्यास क्रमानुसार ‘कमल’ किंवा ‘कलम’ असे भिन्न शब्द मिळतात. क्रम सांगितला नसेल तर तो अनिश्चित असतो. एखादी ओळ अद्ययावत केल्यावर तिची नवी प्रत अन्यत्र साठवली जाते व वाचनाचा क्रम बदलू शकतो. लहान सारणीवर चाचणी करताना हा दोष बहुधा दिसत नाही आणि चूक झाल्याचा कोणताही संदेशही येत नाही. म्हणूनच तो अधिक घातक.

आवृत्ती ९.० पासून (२०१०) फलनाच्या कंसातच ‘ऑर्डर बाय’ लिहिता येते. स्ट्रिंग_ॲगमध्ये विभाजक चिन्ह त्याच्या आधी लिहावे लागते. नंतर लिहिल्यास ते क्रमाचा दुसरा निकष समजले जाते. उपप्रश्नात आधीच क्रम लावण्याची पद्धतही रूढ आहे. ती सहसा चालते, परंतु बाहेरील प्रश्नात जोडणी असल्यास क्रम मोडू शकतो. मायएसक्यूएलच्या ग्रुप_कॉन्कॅटमध्येही ‘ऑर्डर बाय’ची सोय आहे, ओरॅकलच्या लिस्टॲगमध्ये त्यासाठी ‘विदिन ग्रुप’ वापरतात.

बेरीज

तरत्या दशांशचिन्हाच्या संख्यांची बेरीजही क्रमनिरपेक्ष नसते. दुहेरी अचूकतेत १०^१६ मध्ये १ मिळवल्यास तो १ गळून पडतो. म्हणून १०^१६, १, −१०^१६ या क्रमाने बेरीज ० येते. १०^१६, −१०^१६, १ या क्रमाने मात्र १ येते. समांतर प्रक्रियेत आंशिक बेरजा वेगवेगळ्या गटांत होत असल्याने तोच प्रश्न पुन्हा चालवल्यावर शेवटचे अंक बदलू शकतात. रुपयांच्या हिशेबासाठी न्यूमरिक हा अचूक प्रकार वापरल्यास बेरजेत ही अडचण येत नाही.