बिब्ब्याचा एक अज्ञात भाऊबंद

बिब्बा ठाऊक नाहीं असें जुनें मराठी घर विरळाच. परटाच्या खुणेपासून बाळंतिणीच्या लाडवांतील गोडंबीपर्यंत त्याचें काम पडे. अठराव्या शतकांतच धाकट्या लिनीअसनें त्यास 'सेमेकार्पस' या जातींत बसविलें. या ग्रीक शब्दाचा अर्थही 'खुणेचें फळ' असाच आहे.

याच बिब्ब्याचा एक उंच सगोत्र मात्र इ. स. २००० पर्यंत अनामिक राहिला. त्याचें ठिकाण उत्तर कानडा जिल्ह्याच्या सिद्दापूर तालुक्यांतील कत्तलेकान. मराठी वाचकास या नांवानें रक्तपात आठवेल. परंतु कानडींत 'कत्तले' म्हणजे काळोख, आणि 'कान' म्हणजे गांवानें श्रद्धेनें राखलेलें दाट रान. तेथील दलदलींत जायफळाच्या कुळांतील वृक्ष वाढतात. चिखलांत हवा खेळत नाहीं, म्हणून त्यांचीं मुळें गुडघ्यांसारखीं वर येतात. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईकडे होता. टॅल्बट या वनाधिकाऱ्यानें १९०९ ते १९११ या काळांत मुंबई इलाख्याच्या वृक्षांवर दोन भरदार ग्रंथ लिहिले. पण त्यांतही हा वृक्ष निराळा ओळखला गेला नाहीं. अखेर दासप्पा व स्वामिनाथ यांनीं 'इंडियन फॉरेस्टर' मासिकांत त्याचें वर्णन करून त्यास 'सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस' म्हटलें.

वर्गीकरण म्हणजे नुसता नांवांचा खेळ, असें आमचे कांहीं विद्वान् मित्र म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यास नांव नाहीं, त्याची नोंद संकटग्रस्तांच्या यादींत व्हावी कशी? तथापि नांव मिळेपर्यंत तो जगला, तो चिखलाच्या दुर्गमतेनें आणि गांवकऱ्यांच्या श्रद्धेनें, असें आम्हांस वाटतें. इतरत्र अशा दलदली भातशेतीसाठीं व सुपारीच्या बागांसाठीं उपसल्या गेल्या. विपरीत हें कीं, त्या बागांना उन्हाळ्यांत पाणी पुरविणारे झरे बहुधा याच दलदलींतून निघतात!

२०११ सालीं अघनाशिनीच्या खोऱ्यांतील सिंहपुच्छ वानरांसाठीं राखीव क्षेत्र जाहीर झालें, त्यांत कत्तलेकानही आलें. परंतु या वृक्षाचें बीं सांठवितां येत नाहीं. ओल गेली कीं अंकुरशक्तिही गेली. म्हणून शिरसी येथील वनविद्या महाविद्यालयांतील अभ्यासकांनीं रोपें वाढवून तीं दलदलींत लावण्याचा उद्योग आरंभिला. त्यांतही नर व मादी वृक्ष वेगळे. आपण लावलें तें कोणतें, हें कळण्यास लावणाऱ्यानें पहिल्या मोहोराची वाट पाहावयाची.