नऊ महिने कुणी ठरवले?

परवा भाचीने बाळाचं लसीचं कार्ड दाखवून विचारलं, "मामा, बाकीच्या लसी दीड महिन्यापासून, मग गोवरची नऊ महिन्यांनी का?" तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर इथे लिहितो.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टनजवळ डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या शाळकरी मुलाच्या रक्तातून गोवरचा विषाणू वेगळा केला गेला. १९६३ मध्ये लस आली. तिथे आज ती वर्षानंतर देतात. गरीब देशांत तेवढं थांबायची सोय नव्हती, गोवर वर्षाच्या आतच मुलं न्यायचा. पण घाई केली तर आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसच निकामी करतात. मग सत्तरच्या दशकात केनियातल्या अभ्यासांवरून मधला मार्ग निघाला, नऊ महिने. या वयात शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच संरक्षण मिळतं. म्हणजे ही तडजोड होती, आणि ती माहीत असून केलेली.

सहा महिन्यांवर आणायचा प्रयत्नही झाला. कैक पट जास्त विषाणू असलेली लस केली, १९८९-९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारसही केली. पुढे गिनी-बिसाऊ आणि सेनेगलमध्ये ती घेतलेल्या मुलींचे मृत्यू जास्त दिसले, तेही गोवरने नव्हे, इतर आजारांनी. १९९२ मध्ये शिफारस मागे घेतली. (आपली नेहमीची लस ही नव्हे, घाबरू नका.)

भारतात गोवरची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली १९८५ मध्ये. दुसरा डोस? २०१० पासून. पंचवीस वर्षं आपण एकाच डोसवर काढली. त्या उरलेल्या पंधरा मुलांचं काय, हा प्रश्न इतका उशिरा का सुटला, याचा मला अजूनही राग येतो.

आता नवी अडचण. आमच्या आयांना गोवर होऊन गेलेला असायचा. आजच्या आयांनी लस घेतलेली असते, त्यामुळे बाळाला मिळणाऱ्या अँटीबॉडीज कमी, आणि त्या लवकर संपतात. नऊ महिन्यांच्या आधीच बाळ उघडं पडतं. २०२२ मध्ये गोवंडीत साथ आली तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं. तो मोजणीत धरत नाहीत, पुढचे दोन घ्यावेच लागतात.

भाचीच्या कार्डावर नऊ महिन्यांचा शिक्का आहे. सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना रिकामा आहे, बाळ परवा सतरा महिन्यांचं झालं. सोमवारी घेऊन जातोय. तुमच्याही घरातलं कार्ड जरा काढून बघा.