माळाचे वाचन : लोणी भापकर, वनस्पतींची वही आणि मराठी नावे

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव शिल्पाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मल्लिकार्जुनाचे जुने दगडी मंदिर, त्यालगतची पुष्करणी आणि वराहाची मूर्ती पाहण्यासाठी लोक तेथे येतात, छायाचित्रे घेतात आणि मोरगावच्या गणपतीला निघून जातात. देवळाभोवतालच्या माळाकडे मात्र कोणी पाहत नाही. एका पावसाळ्याच्या अखेरीस वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही या माळावर हिंडलो. आम्ही मराठी शिकवणारे. सहलीला पूरक म्हणून गेलो होतो. परतताना एका विद्यार्थिनीची वही सहज चाळली. तरवड, कुसळी गवत, हिवर, बोर यांच्या नोंदी नेटक्या होत्या. शास्त्रीय नाव, कुल, फुलांचा रंग, सारे जागच्या जागी. ‘अधिवास’ या रकान्यात मात्र प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द होता : ‘पडीक’. या एका शब्दाचा इतिहास आम्हाला अस्वस्थ करून गेला. प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

विद्यार्थ्याने रानात जाऊन झाडे पाहावीत, त्यांची टिपणे करावीत, नमुने दाबून वाळवावेत, ही पद्धत आपल्याकडे आधुनिक शिक्षणाबरोबर आली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आजही महाराष्ट्रातील विद्यार्थी झाड ओळखताना अखेर त्याच ग्रंथापाशी पोहोचतो. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे पुरंदर किल्ला पायाखाली घातला आणि १९५८ मध्ये तेथील सपुष्प वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. एकाच डोंगराकडे पुन्हा पुन्हा जाणे, ही त्या ग्रंथाने घालून दिलेली शिस्त साहित्याच्या अभ्यासकानेही घ्यावी अशी आहे. एकाच संहितेचे बारा वर्षे वाचन आपल्यापैकी कितीजण करतात?

परंतु या परंपरेबरोबर एक सवयही रुजली. वनस्पतींची सहल म्हटली की घाट, किल्ला, देवराई, दाट सावली. महाबळेश्वर, खंडाळा, पुरंदर ही जणू त्या अभ्यासाची तीर्थक्षेत्रे झाली. लोणीसारखे गाव पर्जन्यछायेतले. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या गावांना मिळाले ती बागायती झाली, तेथे ऊस उभा राहिला. ज्यांना मिळाले नाही ती जिरायती राहिली, बाजरी, ज्वारी आणि मेंढरांवर जगत राहिली. अशा माळावर पाहण्यासारखे काय असणार, हा प्रश्न न विचारताच त्याचे उत्तर ठरून गेले.

बुरशीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. महाराष्ट्रातील बुरशीशास्त्राला पुण्यात भक्कम घर मिळाले ते शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेत. आज ती आघारकरांच्याच नावाने ओळखली जाते. तेथील बुरशींच्या संग्रहाला प्रा. आजरेकरांचे नाव आहे. मा. ना. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये महाराष्ट्रातील बुरशींची सूची प्रसिद्ध केली. हे मोठेच काम. तरीही सामान्य विद्यार्थ्याच्या मनात बुरशी म्हणजे पावसाळी घाटातली छत्री, ओल्या ओंडक्यावरची अळंबी. कोरड्या माळावर बुरशी कुठली?

ती शेतकऱ्याच्या भाषेत आहे. बाजरीचे कणीस दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा गुंता होऊन बाहेर पडते, तेव्हा शेतकरी त्याला ‘गोसावी’ म्हणतो. जटा वाढवलेला, संसार सोडलेला, ज्याला पुढे वंश नाही असा. ज्या कणसाला दाणा धरत नाही त्याला याहून नेमके नाव कोणते द्यावे? ज्वारीच्या दाण्यात काळी भुकटी भरते ती ‘काणी’, कणसातून गोड द्रव पाझरतो तो ‘चिकटा’, पानावर गंजासारखे ठिपके येतात तो ‘तांबेरा’, पांढरी पूड पसरते ती ‘भुरी’. ही नावे प्रयोगशाळेतून आलेली नाहीत. उभ्या पिकाकडे काळजीने पाहणाऱ्या डोळ्यांनी ती घडवली आहेत. आणि काळजीला कारण होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी संकरित बाजरीवर याच गोसावीची मोठी साथ देशात आली, तेव्हा त्या शब्दामागे रिकामी कणगी होती.

येथे एक मौज आहे. गोसावी रोगाचा कारक जीव अनेक दशके बुरशी म्हणून शिकवला गेला. आजचे वर्गीकरण त्याला खऱ्या बुरशीत धरत नाही. त्याचे नाते काही शैवालांशी अधिक जवळचे मानले जाते. म्हणजे शास्त्राने आपले म्हणणे दुरुस्त केले. तेच त्याचे सामर्थ्य. लोकनावाला मात्र दुरुस्तीची गरज पडली नाही, कारण ते कुळाविषयी काही सांगतच नव्हते. रूपाविषयी आणि परिणामाविषयी सांगत होते. दोन नावे, दोन कामे. एकाने दुसऱ्याला खोडण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याच्या वहीत दोन्हींना जागा हवी, एवढेच.

आता ‘पडीक’कडे वळू. हा शब्द मुळात शेतीचा आणि महसुलाचा. जी जमीन पिकाखाली नाही, म्हणून सारा देत नाही, ती पडीक. जमिनीवर काय आहे हे तो सांगत नाही. काय नाही तेवढेच सांगतो. त्याच्या जोडीला आणखी एक समज आला : हा माळ म्हणजे एकेकाळचे जंगल, माणसाने आणि गुरांनी ओरबाडून उघडे केलेले. या समजाला अलीकडे जे उत्तर मिळाले ते, आश्चर्य म्हणजे, मराठी साहित्यातून मिळाले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी रचना, कथा आणि गीते तपासून त्यांतील रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चव्वेचाळीस वनस्पती सापडल्या आणि त्यांतील बहुसंख्य गवताळ, काटेरी माळरानाच्या निघाल्या. दाट जंगलाच्या अगदी मोजक्या. सोळाव्या शतकातील ‘आदिपर्व’ या काव्यात तर नीरेच्या खोऱ्याचाच उल्लेख आहे : प्रदेश काटेरी, निर्जन, पण गवत मुबलक, म्हणून गुराखी तेथे ओढले गेले.

म्हणजे लोणीच्या परिसरातील माळ हा कशाचा तरी अवशेष नव्हे. तो स्वतःच एक जुनी सृष्टी आहे. हे मान्य करण्यावर बरेच काही अवलंबून आहे. माळ ‘पडीक’ ठरला की त्याचे भले करण्यासाठी तेथे गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची रोपे लागतात, किंवा नांगर फिरतो; दोन्ही वाटांनी गवत जाते. गवताबरोबर मेंढपाळाची चराई जाते, चिंकारा जातो. याच तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्या तुकड्याखेरीज उरलेला माळ कोणत्या शब्दाने नोंदवायचा, हा केवळ परिभाषेचा प्रश्न राहत नाही.

साहित्याच्या शिक्षकांना यात करण्याजोगे काम आहे. लीळा, ओवी, लोकगीत शिकवताना झाडाचे नाव आले की आपण तळटीपेत ‘एक वनस्पती’ असे लिहून पुढे जातो. ती वनस्पती कोणती, कोठे उगवते, सावलीची की उन्हाची, हे विचारले तर संहितेचा भूगोल उघडतो. उलट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने लोकनावापुढे ते कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या हंगामात, हे लिहिले तर त्याची वही उद्याच्या कोशकाराला उपयोगी पडेल.

परतीच्या प्रवासात आम्ही त्या विद्यार्थिनीला नीरेच्या खोऱ्याचा तो उल्लेख सांगितला. तिने थोडा विचार करून विचारले, “काटेरी म्हणजे नेमके काय, सर? बोर, बाभूळ की हिवर?” आम्हाला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मराठी शिकवूनही हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.